उतारवयात कुंचला हाती घेतला की मनात नेमकं काय घडतं?

निवृत्ती झाली, जोडीदार गेला किंवा मोठ्या आजारातून उठलं, की आजूबाजूचे लोक हल्ली एक सल्ला हमखास देतात: चित्रं काढा, मनात साचलेलं सगळं कागदावर ओतून टाका, मोकळं वाटेल. सल्ल्याचा पहिला भाग चांगला आहे. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला शंका आहे. आज आपलं दुःखच रंगवायचं असं ठरवून कोऱ्या कागदापुढे बसलेला माणूस कित्येकदा आधीपेक्षा जड मनाने उठतो. चित्र धड होत नाही, मनही मोकळं होत नाही, आणि रंगांची पेटी कपाटात जाते ती तिथेच राहते.

कलेने मन सावरतं, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण ते ओतून टाकल्यामुळे सावरतं, ही समजूत तपासून पाहायला हवी. साठी-सत्तरीत पहिल्यांदाच कुंचला, माती किंवा कात्री हाती घेणाऱ्यांना तर ते कळायलाच हवं. सुरुवात कशाने करायची, कोणतं साधन घ्यायचं, कुठे थांबायचं, हे सगळं त्यावर ठरतं.

आधी गुंतणं, मग उमजणं

जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर बरेच प्रयोग केले. त्यांची साधारण पद्धत अशी: सहभागी लोकांना आधी उदास करायचं, मग काहींना त्या उदासीचंच चित्र काढायला सांगायचं आणि काहींना तिच्याशी संबंध नसलेलं भलतंच काही. चित्र झाल्यावर मनःस्थिती पुन्हा मोजायची. भलतंच काही काढणाऱ्यांची मनःस्थिती जास्त सुधारलेली आढळली. 2012 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा निष्कर्षही हाच होता: लक्ष दुसरीकडे वळवणं हे भडास काढण्यापेक्षा अधिक लाभाचं ठरतं.

दुसरा प्रयोग 2005 सालचा, करी आणि कॅसर या संशोधकांचा. लोकांच्या मनात आधी थोडी चिंता निर्माण केली आणि मग त्यांना वीस मिनिटं रंगवायला दिलं. एका गटाला मंडलाची, म्हणजे गोलाकार नक्षीची, आकृती, दुसऱ्याला चौकटींची नक्षी आणि तिसऱ्याला नुसता कोरा कागद, हवं ते करा म्हणून. पहिल्या दोन गटांची चिंता उतरली. कोऱ्या कागदाच्या गटाची जवळजवळ होती तिथेच राहिली. हे प्रयोग तरुण विद्यार्थ्यांवर झालेले आहेत आणि त्यात मोजला गेला तो तात्पुरता परिणाम, हे विसरून चालणार नाही. चाळीस वर्षांचा जोडीदार गेल्याचं दुःख वीस मिनिटांच्या प्रयोगात मावत नाही. तरी दोन्हींचा रोख एकाच बाजूला आहे, आणि त्यामागचं कारणही पटण्यासारखं आहे.

मन खचलेलं असतं तेव्हा विचार घाण्याच्या बैलासारखा त्याच त्या वाटेने फिरत राहतो. मी तेव्हा तसं बोललो नसतो तर? डॉक्टरांकडे आधी गेलो असतो तर? उतारवयात हे जास्त जाचक होतं, कारण यातल्या बहुतेक गोष्टी आता दुरुस्त करता येणार नसतात. अशा विचाराला "थांब" म्हणून तो थांबत नाही. पण आपलं लक्ष एका वेळी फार थोड्या गोष्टी धरू शकतं. हा हिरवा त्या हिरव्याशेजारी चालेल का, रेघ इथे वळवू की अजून पुढे नेऊ, मातीच्या भांड्याचा काठ डावीकडे झुकलाय तो कसा सावरू, असे लहान लहान निर्णय घेत असताना जुन्या विचाराला जागाच उरत नाही. नुसतं टीव्हीसमोर बसून हे साधत नाही, कारण तिथे निर्णय घ्यावे लागत नाहीत. डोळे पडद्यावर आणि मन पुन्हा तिथेच.

शिवाय हे निर्णय आपल्या हातातले असतात. वय वाढत जातं तसे आपल्याबद्दलचे निर्णय इतर लोक घ्यायला लागतात: काय खायचं, कुठे राहायचं, गाडी चालवायची की नाही. कागदावर कुठला रंग जाणार हे मात्र कुणी सांगत नाही. ही गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते, पण माझ्या मते उपचाराचा निम्मा भाग इथेच आहे.

2016 साली गिरिजा कैमल या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना पंचेचाळीस मिनिटं माती, रंगीत पेनं आणि कागदकाम यांपैकी हवं ते करायला दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. ताणाशी जोडलेलं हे संप्रेरक साधारण पाऊणशे टक्के लोकांत कमी झालं. कलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात विशेष फरक पडला नाही. या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे नुसतं शांत बसूनही तेवढंच उतरलं असतं का, हे यातून कळत नाही. पण "मला चित्रकला येत नाही" हे कारण पुढे करणाऱ्यांना दाखवायला हा निष्कर्ष चांगला आहे.

मग दुःखाचं काय, ते टाळायचंच का? टाळायचं नाही, पण त्याला ओढूनही आणायचं नाही. इंग्लंडमधल्या मेरी डिलेनी यांचे पती 1768 साली वारले. चार वर्षांनी, वयाच्या 72व्या वर्षी, एका जिरेनियमच्या पाकळीचा रंग जवळच पडलेल्या कागदाच्या तुकड्याशी जुळतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कात्री उचलली. रंगीत कागदाच्या बारीक कापट्यांतून हुबेहूब फूल उभं करायचं आणि काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवायचं, असं त्यांचं काम नजर अधू होईपर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षं चाललं. जवळजवळ एक हजार फुलं झाली आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यातल्या एकाही फुलाला शोक असं नाव नाही. तरी पाकळी न् पाकळी कापून बसवताना त्या बाईंच्या मनात काहीच हललं नसेल, असं म्हणवत नाही. हात कामात असताना भावना कडेने येते, थोडा वेळ थांबते आणि जाते. समोरासमोर बसवून तिची उलटतपासणी केली, तर ती एकतर गप्प बसते नाहीतर सगळं घर डोक्यावर घेते.

साधन बघून घ्या

आर्ट थेरपी, म्हणजे कलेच्या मदतीने मनावर उपचार, या क्षेत्रात काम करणाऱ्यांना चांगली ठाऊक असलेली एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही. प्रत्येक साधनाचा मनावर होणारा परिणाम वेगळा असतो. सँड्रा केगिन आणि विजा लुसेब्रिंक या आर्ट थेरपिस्टनी 1978 साली याची व्यवस्थित मांडणी केली. ढोबळमानाने सांगायचं तर जे साधन वाहतं ते भावना मोकळी करतं, आणि जे हाताला विरोध करतं ते मनाला काबूत ठेवायला मदत करतं. भरपूर पाण्यातला जलरंग कागदभर पसरत जातो, त्याला आवरता येत नाही, आणि ज्याचं मन आधीच वाहून चाललंय त्याला ते झेपत नाही. पेन्सिल, रंगीत खडू, कात्री, चित्रांची कात्रणं, शिवणकामातला टाका यांवर आपला ताबा राहतो.

म्हणून दुःख ताजं असेल तर कोरा कागद आणि जलरंग ही सुरुवात मला योग्य वाटत नाही. जुन्या मासिकांतली चित्रं कापून चिकटवा, नक्षी भरा, समोरचा पेला किंवा पान पाहून पेन्सिलीने काढा. तीन-चार महिन्यांनी, मन थोडं स्थिर झालं की ओले रंग. उलट, आयुष्यभर हिशेबात आणि शिस्तीत वागलेला, आता आतून कोरडा झाल्यासारखा वाटणारा माणूस असेल, तर त्याने पट्टी-पेन्सिल बाजूला ठेवून सरळ मोठा कुंचला आणि पातळ रंग घ्यावा. पहिल्या दिवशी चिखल होईल. होऊ द्यावा. ओली माती या दोहोंच्या मधली. ती वळते, पण हाताला जोरही लावावा लागतो, आणि चुकलं तर मळून पुन्हा गोळा करता येतो. परत सुरुवात करता येण्याची ही सोय उतारवयात मोठा दिलासा देते.

शरीराचाही विचार करावा लागतो. साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यामुळे तरुण घरच्यांना पुरेसा वाटणारा उजेड आपल्याला पुरत नाही. काम खिडकीशेजारी दिवसा करावं किंवा टेबलावर वेगळा दिवा घ्यावा. डोळ्यातलं भिंग वयोमानाने पिवळट होत जातं, आणि मग निळे रंग मंद दिसतात, गडद निळा आणि काळा यांत फरक करणं अवघड जातं. रंगाच्या ट्यूबवर मोठ्या अक्षरात नाव लिहून ठेवणं हा सोपा इलाज. बोटं आखडत असतील तर पेन्सिलीला किंवा कुंचल्याच्या दांड्याला फोम गुंडाळून ती जाड करावी. हात थरथरत असेल तर कागद मोठा घ्यावा आणि रेघ मनगटातून न काढता खांद्यातून काढावी. 1941 साली कर्करोगावरच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार ऑन्री मातीसला उभं राहून रंगवणं कठीण झालं, तेव्हा त्याने रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रं रचायला सुरुवात केली. 1954 मध्ये 84व्या वर्षी तो गेला, तोवर कागद कापून केलेली ही चित्रंच त्याच्या कामाचा मुख्य भाग झाली होती.

स्वतःची ओळख कुठून येते

मन शांत होणं ही एक गोष्ट आणि स्वतःबद्दल काही नवं कळणं ही दुसरी. पहिली चित्र काढताना होते. दुसरी बहुधा नंतर होते, काढलेली चित्रं एकत्र पाहताना.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यातल्या शेवटच्या टप्प्याचा प्रश्न थोडक्यात असा: जगलो ते सगळं मिळून एक सलग आयुष्य होतं असं वाटतं, की वाया गेलं असं वाटतं? रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने 1963 साली त्याला जोडून एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. म्हातारी माणसं सारखी जुनं बोलत बसतात याला तोवर मन कमजोर झाल्याचं लक्षण समजलं जाई. बटलर म्हणाला, हे स्वाभाविक आणि गरजेचं काम आहे. माणूस मागे वळून आयुष्याचा आढावा घेत असतो. फक्त बोलण्यातून हा आढावा घेतला की एक अडचण येते. आपले किस्से सांगून सांगून घट्ट झालेले असतात. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं ठरलेलं. चित्राला हा सराव नसतो. त्यामुळे किश्शात कधीच न आलेला एखादा जिना, एखादं दार, एखादा झाडाचा बुंधा कागदावर येऊन बसतो आणि काढणाराच चकित होतो.

मध्य प्रदेशातल्या जोधैया बाई बैगा यांनी पतीच्या निधनानंतर, सत्तरीच्या आसपास, कुंचला धरला. जन्मभर जंगलात लाकूडफाटा गोळा केलेल्या या बाईंच्या चित्रांत तेच जंगल उतरलं: झाडं, जनावरं, त्यांच्या समाजाचे देव. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रवींद्रनाथ ठाकूर यांची गोष्ट निराळी. हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता त्यांतून विचित्र पशू आणि चेहरे तयार व्हायला लागले, आणि 1930 साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. शब्दांवर एवढी हुकमत असलेल्या माणसालाही शब्दांत न आलेलं बरंच काही आत सापडलं.

तुमचं-आमचं प्रदर्शन भरायची गरज नाही. चित्र फाडायचं मात्र नाही. मागे तारीख घालून ठेवून द्यायचं. महिना-दोन महिन्यांनी सगळी चित्रं जमिनीवर पसरून पाहायची. पुन्हा पुन्हा काय आलंय? माणसं आहेत का, असली तर पाठमोरी का? कागदाचा कुठला कोपरा नेहमी रिकामा राहतो? कुठल्या चित्राकडे बघवत नाही? या प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतीलच असं नाही. चित्राच्या मागे त्या दिवशी सुचलेल्या दोन ओळी लिहून ठेवल्या तर मदत होते. मनातली भावना शब्दांत मांडण्याचे फायदे मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर यांनी 1986 पासूनच्या प्रयोगांत दाखवले आहेत: सलग चार दिवस, दर दिवशी पंधरा मिनिटं, एवढंच लिखाण. पण क्रम महत्त्वाचा. आधी हाताने करायचं, मग शब्दांत सांगायचं.

एक सावधगिरी. रंगांचे ठोकताळे लावू नका. काळा म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, खिडकी नसलेलं घर म्हणजे एकटेपणा, असले अर्थ सांगणारे तक्ते सगळीकडे फिरतात आणि त्यांना काही आधार नाही. ज्येष्ठ माणसाच्या चित्रात अचानक गडद रंग वाढले तर मनाआधी डोळे तपासावेत. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला मोतीबिंदू होता आणि 1923 मध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली. त्याआधीच्या वर्षांतली त्याची काही चित्रं लाल-तपकिरी रंगांत बुडालेली दिसतात. प्रशिक्षित आर्ट थेरपिस्टसुद्धा चित्राचा अर्थ सांगत नाही, तो विचारतो.

घरच्यांनीही हेच करावं. "हे काय काढलंय?" या प्रश्नाने साठ वर्षांपूर्वीचा चित्रकलेचा तास परत उभा राहतो. "वा, फारच छान!" हेही तितकंच निरुपयोगी, कारण पुढच्या वेळी माणूस छान काढायला बसतो आणि खरं ते राहून जातं. "यातला कुठला भाग काढताना मजा आली?" एवढं विचारलं तरी बोलणं सुरू होतं.

पुरावा किती, आणि कुठे कमी पडतो

ज्येष्ठांवर झालेल्या अभ्यासांत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जीन कोहेन यांचं काम नेहमी सांगितलं जातं. 2001 साली सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या तीन शहरांतले 65 वर्षांवरचे सुमारे 300 लोक होते. निम्मे कलेच्या नियमित वर्गांना जात, निम्मे जात नसत. जाणाऱ्यांचं एकूण आरोग्य चांगलं राहिलं, डॉक्टरांकडच्या फेऱ्या आणि औषधं तुलनेने कमी, पडण्याचं प्रमाण कमी, एकटेपणाही कमी आढळला. मात्र त्यातल्या वॉशिंग्टनच्या गटात कला म्हणजे समूहगान होतं. म्हणजे लाभ कुंचल्याचाच असं नाही, आणि लोकांत मिसळण्याचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही.

जर्मनीत 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यापेक्षा नेमका आहे. 62 ते 70 वयाचे 28 निवृत्त लोक, दहा आठवडे. अर्ध्यांनी स्वतः कला केली, उरलेल्यांनी संग्रहालयातल्या कलाकृती पाहून त्यावर चर्चा केली. दोन्ही गटांना संगत होतीच. तरी स्वतः करणाऱ्यांच्या मेंदूतल्या काही भागांमधला समन्वय वाढला आणि ताण पेलण्याची क्षमताही. माणसं थोडी आहेत, त्यामुळे यावर इमले बांधू नयेत. पण हात चालवण्याचा परिणाम नुसतं पाहण्याहून वेगळा असतो, या म्हणण्याला त्यातून बळ मिळतं.

कुठे थांबायचं हेही माहीत असावं. चित्र काढताना जुना आघात अचानक वर आला, श्वास जड झाला, तर काम बाजूला ठेवून उठावं, चालावं, कुणाशी तरी बोलावं. नेटाने पुढे रेटण्यात शौर्य नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खिन्न राहिलं, झोप आणि भूक उडाली, कशातच रस उरला नाही, किंवा जगू नये असं वाटायला लागलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. जगू नये असं वाटत असेल तर त्याच दिवशी. म्हातारपणी नैराश्य पुष्कळदा उदासीच्या रूपात येत नाही. अंगदुखी, चिडचिड, विसराळूपणा अशा वेशात येतं आणि घरचे त्याला वयाच्या खाती टाकतात. तिथे रंगपेटी औषधाची जागा घेऊ शकत नाही, सोबत मात्र करू शकते.

चित्रकलेचा वर्ग आणि आर्ट थेरपी यांत फरक आहे. एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराला 1938 साली क्षयरोग झाला. आरोग्यधामात पडल्या पडल्या चित्रं काढताना आपल्याला बरं वाटतंय हे जाणवून त्याने इतर रुग्णांनाही शिकवायला सुरुवात केली, आणि 1942 मध्ये या कामाला आर्ट थेरपी हे नाव दिलं. आज आर्ट थेरपिस्टला मानसशास्त्राचं आणि समुपदेशनाचं शिक्षण घ्यावं लागतं. जुना आघात, न सरणारा शोक, स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशा प्रसंगी तिकडे जावं. बाकी बहुतेकांना साधा, आनंदी वर्ग पुरतो.

तो निवडताना शिकवणाऱ्याच्या पुरस्कारांपेक्षा काही साध्या गोष्टी विचाराव्यात. बसायला पाठ टेकणारी खुर्ची आणि पुरेसा उजेड आहे का? समोरचं चित्र जसंच्या तसं उतरवायचं असतं, की आपल्या मनाचं काही करता येतं? एखाद्या दिवशी काही न काढता नुसतं बसलं तर चालेल का? आपलं काम इतरांना न दाखवता घरी नेता येतं का? शेवटच्या प्रश्नाला "नाही, इथे सगळ्यांनी उभं राहून आपल्या चित्राबद्दल बोलायचंच असतं" असं उत्तर आलं, तर आभार मानून दुसरा वर्ग शोधावा.